वास्तूचे मूळ आणि वास्तूचे आयुष्य

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो: हे मुळात कोणाचे? तेरचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध की वैष्णव, धाराशिवची लेणी बौद्धांची की जैनांची, नळदुर्गचा कोट बहमनी की आदिलशाही, भूम तालुक्यातले माणकेश्वरचे देऊळ चालुक्यांच्या खाती मांडायचे की यादवांच्या. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्यावाचून अभ्यासाला सुरुवातच होत नाही. पण त्याचे उत्तर हाती आले की वास्तू समजली, असे आपण धरून चाललो, आणि तिथे अभ्यास अडला. इमारत एकदा बांधली जाते आणि पुढे शेकडो वर्षे वापरली जाते. तिच्यात भर पडते, मोडतोड होते, देव बदलतो, भिंत खचते, कोणीतरी ती सावरते. ही सगळी वर्षे तिच्या इतिहासातून वगळून फक्त पहिल्या दिवसाला इतिहास म्हणणे हा वास्तुविचारातला मोठा दोष आहे. या जिल्ह्यातल्या वास्तू आणि त्यांच्यावरची पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर तो दोष फार स्पष्ट दिसतो आणि तो दुरुस्त करण्याची वाटही दिसते, असे प्रस्तुत प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

मूळ शोधण्याची ही सवय कुठून आली, हे आधी पाहू. जेम्स फर्ग्युसन यांचा भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा इतिहास १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या इमारती बौद्ध, जैन, द्राविड, चालुक्य, इंडो-आर्यन, इंडो-सारासेनिक अशा कप्प्यांत लावलेल्या आहेत. म्हणजे इमारतीची ओळख तिच्या धर्मावरून नाहीतर वंशावरून. त्याच सुमारास, १८७५-७६ च्या हंगामात, जेम्स बर्जेस यांनी बीदर आणि औरंगाबाद या भागांची पाहणी केली. १८७८ मध्ये छापलेल्या त्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांची मोजमापे आणि नकाशे आले. पुढे १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी मिळून लेण्यांवर जो ग्रंथ केला, त्यात धाराशिव जैन लेण्यांच्या भागात गेले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांची मोजमापे नसती तर आज आपल्याला तुलना करायलाही काही उरले नसते. पण कप्पे त्यांनी केले आणि आपण त्यांतच राहिलो. मराठीत तर याहून सोपा कप्पा तयार झाला. चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडाचे कोणतेही देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे व्हायचे. मग ते देवगिरीच्या हेमाद्री पंडिताच्या आधीचे का असेना. माणकेश्वरचे तारकाकृती विधान, थरांवर थर चढत जाणारे त्याचे जोते, शिखर गेल्यावरही टिकून राहिलेला भिंतींचा तोल, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते.

तेरपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण इथे पुस्तकाने गाव शोधून दिले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी-पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असल्याची नोंद आहे. तिथले कापड गाड्यांत लादून अवघड वाटांनी भडोच बंदराला जाई, असेही त्यात म्हटले आहे. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ तर्क लढवले गेले. ते तेरणेकाठचे तेर होय, असे जॉन फेथफुल फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण मांडले. त्यापाठोपाठ हेन्री कझिन्स तिथे गेले आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात त्यांनी तेरच्या वास्तूंचे वर्णन केले. गावातले त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. वरचे छप्पर विटांचा एकेक थर थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजूंनी मिटवत नेलेले आहे. दर्शनी बाजूला वर नालाकृती कमान आहे. पुढचा सपाट छताचा मंडप उघडच नंतर जोडलेला आहे आणि आत त्रिविक्रमाची उभी मूर्ती आहे. ही घडण पाहून कझिन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून बहुतेक पुस्तकांत त्याची हीच ओळख दिली जाते.

हे मत चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. ते पुरेसे नाही, एवढेच म्हणणे आहे. अर्धगोल पाठ असली की वास्तू बौद्ध, हा नियम टिकत नाही. ऐहोळेचे दुर्ग मंदिर याच आकाराचे आहे, बेसनगरला वासुदेवाच्या देवळाचा लंबवर्तुळाकार पाया सापडला आहे, आणि शिल्पग्रंथांना गजपृष्ठ हा प्रकार चांगला ठाऊक आहे. तेव्हा मूळ बौद्ध धरले काय किंवा न धरले काय, एक प्रश्न दोन्ही पक्षांत उरतोच: हे उभे कसे राहिले? त्या काळातली विटांची चैत्यगृहे आज बहुतेक ठिकाणी पायापुरती उरली आहेत. छपरासकट उभी असलेली उदाहरणे काढायला गेले तर तेरच्या जोडीला आंध्रातल्या चेजर्लाच्या कपोतेश्वराचे नाव घ्यावे लागते आणि यादी जवळजवळ तिथेच संपते. या दोन्हींत समान काय, तर पूजा खंडली नाही. खुद्द तेरमध्येच दुसरी बाजू दिसते. विसाव्या शतकातल्या उत्खननांत इथे विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गाव तेच, माती तीच, वीट भाजण्याची विद्या तीच. एका वास्तूत देव येऊन बसला, तिच्यावर गिलावा चढत राहिला, पावसाचे पाणी आत जाऊ न देणारे हात तिला पिढ्यान्‌पिढ्या लाभले. दुसरीला ते लाभले नाहीत आणि ती पांढरीच्या ढिगाखाली गेली. कझिन्स यांच्या दृष्टीने त्रिविक्रमाची मूर्ती ही मूळ वास्तूवर नंतर आलेली गोष्ट. मला वाटते, ती नंतरची गोष्ट आली म्हणून मूळ गोष्ट शिल्लक राहिली.

तेरमधल्याच उत्तरेश्वर मंदिराच्या बाबतीत हेच वेगळ्या तऱ्हेने दिसते. तेही विटांचे देऊळ, आणि त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट आज तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. विटा आणि लाकूड ही दोन्ही सामग्री दगडाच्या मानाने अल्पायुषी. ज्या प्रदेशात काळा दगड हाताशी आहे तिथे मुद्दाम वीट घडवून, तिच्यात लाकडाचे काम बसवून देवळे बांधणारी परंपरा होती, एवढ्या एका गोष्टीने दख्खनच्या वास्तुकलेचे चित्र बदलायला हवे. आपण दगडातले पाहून इतिहास लिहिला, कारण दगड राहिला. लामतुरे यांनी गावच्या टेकाडांवरून, शेतांतून, लोकांच्या घरांतून वस्तू गोळा केल्या. पांढऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, आणि इटलीतल्या पॉम्पेईला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची आठवण करून देणारी हस्तिदंती बाहुली अशा वस्तूंमुळे तेरचे नाव अभ्यासकांत गाजले. संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाका, यांच्या या गावात भाजलेल्या मातीचा इतिहास एका कुंभारापुरता नाही. तो तगरच्या पेठेपासून चालत आलेला आहे.

धाराशिव शहराजवळच्या बालाघाटाच्या कड्यातली लेणी हा वादाचा दुसरा आखाडा. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे. साधारण ऐंशी फूट लांबीरुंदीचे दालन, त्यात खांबांचे दोन चौकोन एकात एक बसवलेले, बाहेरच्यात वीस आणि आतल्यात बारा, तिन्ही बाजूंना खोल्या आणि मागे गाभारा. ही आखणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते, म्हणून पुढच्या काही अभ्यासकांनी हे बौद्ध लेणे मानले. गाभाऱ्यातल्या आणि आसपासच्या मूर्तींवरून बर्जेस यांनी जैन मानले. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचनीय आहे. पण या लेण्यांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ बर्जेस यांच्या फार आधीचा आहे. मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य हिरालाल जैन यांनी संपादून १९३४ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. सुमारे अकराव्या शतकातल्या या काव्यात राजा करकंड तेरापूरला, म्हणजे तेरला, येतो, जवळच्या डोंगरात त्याला एक जुने लेणे सापडते, तिथे पार्श्वनाथाची प्रतिमा दिसते. आसनावरची एक गाठ त्याला खटकते. ती फोडल्यावर आतून पाण्याचा लोंढा येतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. पुढे राजा त्याच डोंगरात नवे लेणे करवतो.

ही कथा म्हणून बाजूला सारण्याजोगी गोष्ट नाही. या जिल्ह्यातल्या वास्तूंविषयीचा हा फार जुना लिखित विचार आहे, आणि त्यात राजा लेण्याचा पहिला कर्ता नाही. तो आधीपासून असलेल्या वास्तूचा वारस आहे. त्याला जुने सापडते, तो त्यात हात घालतो, नुकसान करून बसतो आणि भरपाई म्हणून भर घालतो. मूळ कर्ता कोण हे सांगायला काव्यात दुसऱ्याला यावे लागते, आणि ती हकीकत राजाच्या कृत्यानंतर येते. कोणी म्हणेल, काव्यातल्या चमत्काराला पुरावा कसे मानायचे? चमत्काराला मानू नये. पण पाझरणारा, सहज झिजणारा खडक, लेण्यात साठणारे पाणी, आणि एकाच कड्यात वेगवेगळ्या वेळी झालेली कोरणी, या गोष्टी जागेवर दिसतात. कवीने, किंवा कवीपर्यंत ती कथा पोचवणाऱ्या परंपरेने, वास्तूचे अचूक निरीक्षण केले होते आणि त्या निरीक्षणाला अर्थ दिला होता. बौद्ध की जैन या वादात हे काव्य एका बाजूचा साक्षीदार म्हणून उभे केले जाते. त्यात त्याची खरी साक्ष ऐकू येत नाही. लेणे हातोहात बदलत गेले आणि प्रत्येक हाताला आधीच्याची जाणीव होती, हे त्याचे सांगणे आहे.

नळदुर्गला पुस्तक आणि वास्तू यांची गाठ एका माणसात पडते. फिलिप मेडोज टेलर १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी म्हणून आला. निजामाने वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही त्या वर्षीच्या तहात इंग्रजांकडे दिला होता. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच राहिला. १८६३ ची त्याची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूर-नळदुर्गच्या परिसरात घडते, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचे वर्णन आहे. विजापूरच्या वास्तूंवर १८६६ मध्ये जो मोठा छायाचित्र-ग्रंथ निघाला, त्यातला ऐतिहासिक मजकूर टेलरचा आणि वास्तुविषयक टिपणे फर्ग्युसनची. पण त्या ग्रंथाचे लक्ष आदिलशाहीच्या राजधानीवर होते, आणि तेव्हापासून नळदुर्ग विजापूरचे परिशिष्ट होऊन बसले. परांड्याच्या किल्ल्याचेही तेच. तिथली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली आणि आज लोक तिला विजापूरचीच म्हणून ओळखतात.

नळदुर्गचा पाणी महाल मात्र राजधानीच्या कोणत्याही कप्प्यात बसत नाही. बोरी नदीवर घातलेल्या भक्कम दगडी धरणाच्या पोटात तो आहे. धरण पाणी अडवते, किल्ल्याला खंदकासारखे संरक्षण देते, पलीकडच्या रणमंडळ या उपदुर्गाला मुख्य कोटाशी जोडणारी वाटही तेच. त्याच्या अंगात वरून उतरत जाणारा जिना, आणि जिन्याखाली खिडक्या असलेले दालन. नदीला पूर आला की धरणावरून नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते, आणि दालनात बसलेला माणूस कोरडा राहून समोर पडणारे पाणी पाहतो. ही कृती इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातली, सतराव्या शतकाच्या आरंभीची. हे धरण आहे, तटबंदी आहे, रस्ता आहे की महाल? फर्ग्युसनच्या विजापूरच्या मांडणीत मशिदी, मकबरे आणि राजवाडे आहेत; अशा धरणाला तिथे जागा नाही. त्याऐवजी बादशहाचेच पुस्तक हाती घ्यावे. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा दख्खनी भाषेतला, रागांनुसार लावलेल्या गीतांचा ग्रंथ. त्यात सरस्वतीची आणि गणेशाची स्तुती आहे, आणि रसाची कल्पना त्याला इतकी प्रिय होती की विजापूरजवळ वसवायला घेतलेल्या नगरालाही त्याने नौरसपूर नाव दिले. संरक्षणाच्या भिंतीत, पाण्याच्या आवाजाच्या मधोमध बैठकीचे दालन करण्याची कल्पना ज्या दरबारात सुचली, त्या दरबाराला इमारतीचा उपयोग आणि तिचा रस या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. यावर हरकत येईल की गीतांच्या पुस्तकावरून धरणाचा अर्थ लावणे म्हणजे ओढाताण आहे, आणि थेट दुवा दाखवणारा कागद नाही. मान्य. पण तसा कागद धरणाला केवळ जलसंधारणाची सोय ठरवणाऱ्यांकडेही नाही. पाणी अडवायला खिडक्या लागत नाहीत. त्या खिडक्यांचा हिशेब ज्या वाचनात लागतो, ते वाचन अधिक बळकट.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. वापराला एवढे महत्त्व दिले तर वापराने होणाऱ्या नाशाचे काय? देवळांच्या कोरीव दगडांवर ऑइलपेंटचे थर चढतात, फरशा बसतात, संगमरवर येतो, सिमेंटने सांधे बुजवले जातात आणि चुन्याची भिंत आतून ओल धरू लागते. हे सगळे वापर या नावाखालीच चालते. आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. वापर वास्तूला जगवतो तसाच मारतोही. म्हणूनच त्याचा इतिहास लिहायला हवा. कोणता थर कधी आला, कोणत्या दुरुस्तीने भिंत सावरली आणि कोणत्या दुरुस्तीने खचली, याची नोंद नसली की पुढची दुरुस्ती आंधळी होते. अभ्यासकांनी मूळ आराखड्याचे नकाशे काढले आणि नंतरची कामे भेसळ म्हणून नकाशातून पुसली, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याला आणि विश्वस्तांना देण्यासारखे ज्ञान पुस्तकांत साठलेच नाही.

याची किंमत किती मोठी असते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या जिल्ह्याने पाहिले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. उमरगा-लोहारा भागातली सास्तूरसारखी गावे मातीला मिळाली. माणसे मेली ती घरांखाली. माळवदाचे घर या भागाला जुने. लाकडी खांब आणि तुळयांचे खण, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे जाड छत, भोवती दोन फुटांहून जाड दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, सामान जवळच मिळते, गावचा सुतार आणि गवंडी ते बांधू शकतो. पण भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर वेगवेगळे रचलेले, मध्ये खडी-माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड वगळलेले. हादऱ्यासरशी पदर फुगून सुटले. जिथे छताचा भार पूर्ण खणाच्या सांगाड्यावर होता तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली. जिथे काटकसर म्हणून खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही आले. आणि ते छत दरवर्षी जड होत गेले होते. पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. अशी कितीतरी वर्षे. घर जपण्याच्या रोजच्या काळजीनेच डोक्यावरचे ओझे वाढवले. वापराचा इतिहास लिहायला हवा म्हणतो तेव्हा त्यात हेही येते, आणि ते सांगताना जुन्या घरांचे गोडवे गाऊन चालत नाही.

निकोलस पेव्हस्नर यांनी १९४३ मध्ये इमारत आणि वास्तुकला यांत रेघ ओढली: सायकली ठेवायची शेड एका बाजूला, लिंकनचे कॅथेड्रल दुसऱ्या. बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला वास्तुविशारदांविना झालेल्या वास्तूंचे प्रदर्शन भरवून ती रेघ पुसायचा यत्न केला, पण त्यांचा भर छायाचित्रांच्या सौंदर्यावर राहिला; भिंत आतून कशी रचली आहे, ओझे कुठे उतरते, हे त्यांच्या पुस्तकात फारसे नाही. घरांना वास्तुकलेच्या इतिहासात घेतले तर इतिहास पसरट होईल, त्याला निवड उरणार नाही, अशी भीती आजही व्यक्त होते. निवड करावीच लागेल. पण निवडीचा निकष शोभा हाच असावा, असे कोणी ठरवले? माळवदाच्या खणाची रचना, तिच्यात काळानुसार झालेली काटछाट, सागवान महागल्यावर गाळलेले खांब, यांचा एखादा नीट अभ्यास १९९३ च्या आधी कारागिरांपर्यंत पोचलेला असता तर सगळे वाचले असते असा दावा मी करत नाही. एवढे मात्र खरे की भूकंपानंतर अभियंत्यांना मराठवाड्याच्या घराची तपासणी अगदी पायापासून करावी लागली आणि आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, छतावरची जादा माती उतरवणे या साध्या गोष्टी पत्रकांतून घरोघर सांगाव्या लागल्या. त्याच गोष्टी जुन्या चांगल्या वाड्यांच्या भिंतींत आधीच होत्या.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली. आखीव रस्ते, ओळीने घरे, सोप्याला आणि ढेलजेला जागा नाही, गुरांचा गोठा दूर. लोकांनी पुढची तीस वर्षे त्या घरांना पडव्या जोडल्या, ओटे घातले, चुली बाहेर आणल्या. हे बदल अजून कोणी नीट मोजलेले नाहीत, आणि ज्यांनी ते केले ती माणसे अजून हयात आहेत. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांत माळवदाची जुनी घरे अद्याप उभी आहेत. पण त्यांचे कोरीव खांब आणि तुळया विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात आणि घर मोडले की त्याचा सांगाडा शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यात जातो. तेव्हा या विषयात शिरणाऱ्या वाचकाने बर्जेस आणि कझिन्स वाचावेत, कनकामर वाचावा, तेरच्या त्रिविक्रमाचा मंडप मूळ भिंतीला जिथे टेकतो तो सांधा उभे राहून पाहावा. आणि मग टेप घेऊन एखाद्या माळवदाच्या घरात जावे: खण किती, खांब भिंतीत की भिंतीपासून सुटे, छतावर मातीचे थर किती आणि शेवटचा कोणी टाकला, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत उतरवावे.